रिकाम्या मुठीचं आवतन

आमच्या घरात खोटं बोलायला फारशी बंदी नव्हती. नको असलेला पाहुणा अंगणात दिसला की माय आतूनच ओरडायची, "घरी कोनी नाही," आणि पाहुणाही बिचारा तो आवाज ऐकून परत जायचा. शाळा चुकवायची असली की मी सकाळी पोटदुखी काढायची आणि दुपारी अंबाडीच्या भाजीशी दोन भाकरी हाणायची. बाबा गप्पांना बसले की त्यांनी कधीकाळी पाहिलेला वाघ दर खेपेला हातभर वाढायचा. यावरून कोणी कोणाला धारेवर धरत नसे. फक्त गोठ्यात खोटं चालत नव्हतं. रिकामं टोपलं बैलापुढे धरायचं नाही. डवरणीत, म्हणजे पिकाच्या ओळींमधून औत फिरवताना, "हे शेवटचं तास" असं म्हटलं की ते शेवटचंच. त्यानंतर ढग दाटून आलेले असोत की चार ओळी राहिलेल्या असोत, बाबा जू सोडायचे. आमच्या भुऱ्या बैलाला तो शब्द कळायचा आणि तो ऐकला की तो भराभर पाय उचलायचा. मी एकदा गंमत म्हणून मधेच ते शब्द म्हटले तर बाबांनी मला शेतातून घरी हाकललं. "बैलासंग लबाड बोलू नोको, पोरी," रागात नव्हे, समजावून सांगत होते ते, "मानसाले लबाड बोललं तं तो भांडते, उलटून इचारते. हा मुका जीव कोनाले इचारीन?"

घाटंजीच्या रस्त्यापासून आत, नाल्याच्या काठी आमचं गाव. घर दोन खोल्यांचं, आणि दुसऱ्या खोलीला लागूनच गोठा. मधे कुडाची भिंत, तीही छातीएवढी. त्यामुळे जेवताना पलीकडून कडबा चावण्याचा आवाज यायचा आणि निजल्यावर घुंगरांचा. पाहुण्यांना झोप लागायची नाही आणि आम्हाला पाहुणे म्हणून दुसऱ्या गावी गेल्यावर लागायची नाही. हंगामात पुढची खोली कापसाने भरायची. त्या ढिगात मी कमरेपर्यंत रुतून बसायची, नाकातोंडात पुंजके जायचे, अंग खाजायचं, आणि माय चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारता सारता ओरडत राहायची.

पाखऱ्या जन्मला आणि त्याची आई, आमची गाय, वीसेक दिवसांतच गेली. ठिपक्याठिपक्यांचा गोऱ्हा, म्हणून पाखऱ्या. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन. त्याला शेळीचं दूध आणि ज्वारीची पातळ पेज पाजायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते असं काही अंगावर घेतलं की मायला माझ्यासाठी वेगळी पेज करावी लागायची. माझ्या वाट्याची मी त्यालाच पाजून यायची.

त्याच साली पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकायचे, पळसाच्या पानाने त्यांना हळद आणि तूप चोळायचं, आणि मग घरधन्याने बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." एरवी बैलाला अरेतुरे करणारा माणूस त्या दिवशी अहोजाहो करतो. दुसऱ्या दिवशी सजवून, गावाच्या तोरणाखालून फिरवून आणलेले बैल दारात उभे करायचे, त्यांचे पाय धुवायचे आणि त्यांना पुरणपोळी घालायची. त्यानंतर घरची माणसं जेवतात. बाबांनी त्या संध्याकाळी भुऱ्याला आणि त्याच्या जोडीच्या जांभ्याला आवतन दिलं. पाखऱ्या खुंट्याला उभा राहून बघत होता. तो अजून बैल नव्हता, त्याने काम केलेलं नव्हतं, त्याला कसलं आवतन? मला ते फार लागलं. बाबा आत गेल्यावर मी त्याच्या कानाशी जाऊन तेच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोळीतली अर्धी त्याला चारली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी मी उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची, "पाखऱ्या, आवतन घ्या, जेवायले या," आणि तो असेल तिथून, नाल्यातून, शेजारच्या खळ्यातून, शेपूट वर करून धावत यायचा. माझ्या मुठीत भाकर असायची. तो आधी मूठ चाटायचा, मग मी ती उघडायची. बाबा कुरकुरले, "वर्षातून एकदा द्याची गोष्ट रोज देऊन राह्यली तू." पण भाकर खरोखर मिळत होती, आवतन खोटं नव्हतं, त्यामुळे त्यांना फार काही म्हणता आलं नाही. पाखऱ्या गोठ्यात कमी आणि ओसरीवर जास्त असायचा. आम्ही जेवायला बसलो की दारातून मान आत घालायचा. मायने हातातलं लाटणं उगारलं की मान मागे, तिची पाठ फिरली की पुन्हा आत. आपण कोण आहोत याचा त्याने एक हिशोब मांडलेला होता, आणि माझी खात्री आहे, त्या हिशोबात तो या घरातलं धाकटं लेकरू होता. पलीकडे बांधलेले भुऱ्या आणि जांभ्या कोणी निराळे. त्याची काय चूक? आम्हीच त्याला तसं वागवलं होतं.

नंतरची दोनतीन वर्षं आमच्याकडे अळीची वर्षं म्हणून ओळखली जातात. पऱ्हाटी छातीएवढी व्हायची, बोंडं लागायची, बघणाऱ्याला वाटावं यंदा घर भरणार, आणि बोंड फोडलं की आत काळं, किडीने खाल्लेलं. बाबा पाठीवर पंप घेऊन फवारत सुटायचे. त्यांच्या सदऱ्याला, धोतराला, हातातल्या घासालासुद्धा त्या औषधाचा वास यायचा. माय ते कपडे नाल्यावर वेगळे धुवायची. दुसऱ्या साली पुढच्या खोलीतला कापसाचा ढीग माझ्या गुडघ्यालाही पोहोचला नाही. गावात कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. पारावर माणसं बसायची, पण नुसती बसायची. बाबांचा वाघही वाढायचा थांबला. आणि त्यातच, वेचणी उरकता उरकता, जांभ्याला बांधावर पान लागलं. सापाचं नाव आमच्याकडे घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. संध्याकाळपर्यंत तो गेला. एका बैलावर शेती होत नाही. दुसरा आणायची त्या वर्षी सोय नव्हती. गोठ्यात पाखऱ्या होता, वशिंड भरलेला, शिंगं फुटलेला, कोणाचं न ऐकणारा. त्याला जुवाखाली घ्यायचा तर आधी खच्ची करावा लागणार होता.

मी पुढचं नीट लिहिणार आहे, कारण आजवर ते मी नीट कधी सांगितलेलं नाही.

गावात हे काम सोमाजी करायचा. म्हातारा, हाताने हलका, वाईट माणूस नव्हता. तो सकाळी दोर, बांबूच्या दोन चिरलेल्या कांबी आणि हळदतेलाची वाटी घेऊन आला. आणखी तिघेजण आले. पण पाखऱ्याने दोर बघितला आणि दावं तोडून तो खळ्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. कोणी जवळ गेलं की शिंगं रोखायचा. तास दीड तास हे चाललं. मग बाबा माझ्याकडे आले. माझ्याकडे न बघता, अंगणातल्या रांजणाकडे बघत म्हणाले, "मंदे, तू बलाव त्याले. खुरात काटा हाय, तेवढा काढून घेतो."

पुढे आयुष्यभर मी हेच सांगत आले, की मला बाबांनी काटा काढायचाय म्हणून सांगितलं होतं, मी लहान होते, मला काय माहीत. आज लिहिते. मला माहीत होतं. शेजारच्यांचा गोऱ्हा याच कांबींनी खच्ची केलेला मी कुंपणाआडून पाहिला होता, त्याचं ओरडणं ऐकलं होतं. काट्याला कांबी लागत नाहीत, हे तेरा वर्षांच्या मुलीला कळतं. पण बाबांनी इतक्या महिन्यांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि चार बाप्ये जे करू शकत नव्हते ते मी एका हाकेत करणार होते, याचा मला थोडा तोराही होता. तोही लिहून ठेवते. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "पाखऱ्या, आवतन घ्या, जेवायले या."

तो लगेच आला. धावत नाही, पण आला. शिंगं खाली, कान पुढे, तोंड आधीच चघळायला लागलेलं. मी मूठ पुढे केली. मुठीत भाकर नव्हती. आत जाऊन आणायला मला वेळ होता, चुलीशी सकाळच्या दोन भाकरी झाकलेल्या होत्या. मी आणली नाही. त्याने नेहमीसारखी मूठ चाटली आणि ती उघडायची वाट पाहिली. तेवढ्यात मागून दोर पडला. त्याला उजव्या कुशीवर पाडला, चारही पाय एकत्र ओढून बांधले. पडतानासुद्धा त्याचं तोंड माझ्या हाताशीच होतं. सोमाजीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. जे काय होत होतं ते माझ्या मुठीतून आलं, असंच त्याला वाटलं असणार, आणि ते खरंच होतं.

परवा आमच्या यवतमाळच्या घरासमोर माझी नात गल्लीतल्या कुत्र्याला रिकामी मूठ दाखवून बोलावत होती. कुत्रं आलं, हुंगून परत गेलं, ती हसली, तिची आईही हसली. मी खेकसले तिच्यावर, इतकी की पोर रडायला लागली. सुनेला वाटलं, म्हातारीचं डोकं दुखत असेल. मीही तसंच सांगितलं.

पाखऱ्याला पाडला त्या दिवशी घरात चूल पेटली, पण कोणी जेवलं नाही. माय इतका वेळ आत होती, बाहेर येऊन तिने बाबांना एकच विचारलं, "पोरीच्या तोंडून काहून बलावलं त्याले? तुमच्या तोंडाले काय झालं होतं?" बाबा तुटलेल्या दाव्याला गाठ मारत राहिले. पाखऱ्याची सूज उतरायला पंधरवडा लागला. मी रोज दुपारी भाकर घेऊन जायची, खरी भाकर, तुपाचं बोट लावलेली. तो मान फिरवायचा. हातातली खायचा नाही, समोर ठेवली तरी मी उभी असेपर्यंत तोंड लावायचा नाही. मी पाठ करून उभी राहिले की मागून चावण्याचा आवाज यायचा. वळले की थांबायचा. त्यापुढे आमचा तोच रिवाज पडला. मी ठेवायची आणि पाठ फिरवायची. ओसरीवर तो पुन्हा चढला नाही. दारातून मान आत आली नाही. पाखऱ्या म्हटलं तर कान हलायचा नाही, पण बाबांनी नुसतं "हो" म्हटलं की भुऱ्याच्या बरोबरीने चालू लागायचा. कामाला वाघ निघाला. गावातले म्हणायचे, कसा गुणाचा बैल केला. घरातलं लेकरू होता तो, आता बैल झाला होता.

पोळा आला. खांदशेकणीला शेजारीपाजारी आमच्या गोठ्याशी जमले होते, सोमाजीही होता. बाबांनी भुऱ्याचे खांदे शेकले, आवतन दिलं, आणि हळदतुपाची वाटी माझ्या हातात दिली. "याले तू दे. तुयाच हातचा हाय." मला वाटलं, हीच वेळ आहे. उद्या मी त्याला सबंध पोळी घालीन, हातावर घालीन, तो खाईपर्यंत उभी राहीन. मी पळसाच्या पानाने त्याचा खांदा चोळला. तो थरथरत होता, पण उभा होता. मग मी त्याच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या."

पुढचं म्हणायच्या आत पाखऱ्याने पुढचे गुडघे टेकले. मग मागचे पाय. मग तो सावकाश उजव्या कुशीवर कलंडला, चारही पाय एकमेकांशी जोडून घेतले आणि डोळे मिटून पडून राहिला. दोर नव्हता, कोणी धरलेलं नव्हतं. एकदा वाटलं, आजारी आहे. मग मला ते पाय दिसले, घोट्याशी घोटे जुळलेले, बांधायला सोपे जावेत असे.

"पाह्य व माय," कोणी तरी मागून म्हणालं, "नमस्कार घालून राह्यला. साष्टांग."

"मंदेनं पोसला नं. आवतन समजते त्याले," सोमाजी म्हणाला आणि त्याने स्वतःच हात जोडले.

बायका पुढे आल्या, पाखऱ्याच्या खुरांना हळदकुंकू लागलं. शेजारची काकू हसता हसता डोळे पुसत होती. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. कित्येक महिन्यांनी त्यांचे दात दिसले. मी तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले तेव्हा ही गोष्ट गावभर झालेली होती. त्या वर्षीचा पोळा केविलवाणा होता. झुली जुन्या, शिंगांना गेरूचा नुसता हात, झडत्या, ती पोळ्याची जुळवलेली गाणी, म्हणायला एरवी चढाओढ लागायची तिथे माणसं एकमेकांना कोपराने ढोसत होती. पाटील म्हणाले, "मंदे, तुया पाखऱ्याले नमस्कार कराले लाव नं." मी बाबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. मग म्हणाले, "म्हन." मी म्हटलं. पाखऱ्या सगळ्या गावासमोर झुलीसकट आडवा झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या, हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि बाबांच्या खांद्यावर कोणी कोणी थापा दिल्या. त्या गर्दीत तो का पडला हे मला एकटीला माहीत आहे, असं मी समजत होते.

असे चार पोळे झाले. चारही वेळा मी म्हटलं आणि चारही वेळा तो पडला. लग्न होऊन मी यवतमाळला आल्यावर पाचव्या पोळ्याला बाबांनी आवतन दिलं तर तो नुसता उभा राहिला. गावाने त्याचाही अर्थ लावला, की बैलाला पोरीची आठवण येते. हे मला पत्राने कळवलं होतं, आणि मी ते पत्र नवऱ्याला वाचून दाखवताना हसले होते.

माय गेल्यावर बाबा एकटेच राहायचे. शेत त्यांनी दुसऱ्याला वाहायला दिलं होतं, भुऱ्या कधीच गेला होता, पण म्हाताऱ्या पाखऱ्याला त्यांनी बाजार दाखवला नाही. लोक नावं ठेवायचे, की स्वतःच्या खायचे वांधे आणि बिनकामाच्या बैलाला कडबा घालते. एका पोळ्याच्या सुमारास मी गेले तेव्हा पाखऱ्याने उठणं सोडलेलं होतं. गोठ्यात डाव्या कुशीवर पडून होता, बरगड्या मोजाव्यात असा, डोळ्यांत पांढरं आलेलं. बाबांनी आपली बाजही गोठ्यात आणून टाकली होती. दुपारची वेळ होती. मी भाकर केली, तूप लावलं आणि त्याच्यापाशी जाऊन बसले. मला वाटलं, आता तरी खरं आवतन द्यावं. मूठ पुढे केली, भाकरीने भरलेली, आणि तोंड उघडलं.

"नोको देऊ त्याले आवतन," बाजेवरून बाबा म्हणाले.

"काहून?"

"तो नमस्कार नोता करत, मंदे."

माझी मूठ तशीच पुढे राहिली.

"म्याच तं बांधले होते त्याचे पाय," ते म्हणाले. "उजवी कूस खाली, पाय जोडून. पहिल्याच दिवशी वळखलं म्या."

"मंग चार पोळे मले म्हनू काहून देल्लं?"

बाबा बाजेची सुंभाची दोरी बोटाने ओढत राहिले. मग म्हणाले, "त्या साली गावात कोनी हासलं नोतं. तुयी मायबी नोती हासली. त्या दिवशी सारे हासले. मंग दरसाल कसं थांबवाव, ते समजलं नाही." आणि थोड्या वेळाने, "मले वाटे, तुले मालूम नाही. पोरगी खुश हाय, राहू दे म्हटलं."

"मले वाटे, तुम्हाले मालूम नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पाखऱ्या आमच्या मधे पडून होता, त्याच्या श्वासाने खालचा भुसा हलत होता. मला त्याच्या गळ्यात पडून रडायचं होतं, पण माझ्या हाताची त्याला भीती वाटते हे मला माहीत होतं, म्हणून मी हात मागे घेतला. भाकरीचे लहान तुकडे केले आणि त्याच्या तोंडापाशी भुशावर मांडले. मग उठले आणि आमच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पाठ करून, कुडाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

त्याचे दात बहुतेक पडले होते, त्यामुळे चावण्याचा आवाज आला असता की नाही, कुणास ठाऊक. मी खूप वेळ उभी होते. बाबांना बाजेवरून सगळं दिसत होतं. त्याने ती भाकर खाल्ली का, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं. आम्ही गोठ्यात होतो.